रशीदभाईंच्या शेडच्या चौदा खिडक्या

मी आखलेली पहिली इमारत मानकोलीच्या रस्त्यावर अजून उभी आहे. पुढच्या अंगाला ऑफिसची केबिन, मागे गोडाऊन, आणि केबिनला पश्चिमेच्या बाजूने जमिनीपासून छतापर्यंत अखंड काच. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, स्थापत्याचा डिप्लोमा पदरात होता आणि काच म्हणजे प्रगती अशी माझी ठाम समजूत होती. मालक बिचारे विचारत होते की बाई, दुपारी ऊन नाही का येणार? मी म्हटलं, पडदा लावा. त्यांनी पडदा लावला, मग पंखा लावला, मग एसी लावला, आणि शेवटी केबिन सोडून मागे ट्रकच्या सावलीत टेबल टाकलं. पुढे कित्येक वर्षं तिथल्या वॉचमनची बायको त्या केबिनमध्ये पापड वाळवायची. मला भेटली की कौतुकाने सांगायची, "म्याडम, काय झकास जागा बांधलीत. एका दिवसात कडकडीत."

हरित इमारतींच्या प्रचाराचा तुमचा अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं तेव्हा मला आधी ते पापडच दिसले. एवढं झाल्यावर दुसरी एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. मी प्रचाराला लागले.

भिवंडीत पस्तीस वर्षं माझं नकाशे काढायचं ऑफिस होतं. आमच्या घरात दोन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकीत गेलेल्या, त्यामुळे चिकाटी भरपूर. गावात मला नकाशावाली बाई म्हणतात आणि लूमवाले, म्हणजे यंत्रमागवाले, नक्शेवाली म्याडम. काम तेच, घराचा नाहीतर शेडचा नकाशा काढायचा, मंजुरीसाठी खेटे घालायचे, आणि गवंडी नकाशाप्रमाणे बांधतो की मनाप्रमाणे यावर डोळा ठेवायचा. हरित इमारत म्हणजे काय, हे लोक मला आजही विचारतात. मी सांगते, मे महिन्यात दुपारी दोन वाजता पंखा बंद करून जिच्यात माणूस बसू शकतो ती. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पाणी कुठे मुरतं, जवळपास काय सामान मिळतं, हे बघून बांधायचं. बाकी सगळं याच्यावरचं नक्षीकाम.

पण हे एवढ्या सोप्या शब्दांत सांगायला मला साठी उलटावी लागली. ऑफिस बंद केल्यावर मी हॉल-हॉलमधून व्याख्यानं द्यायला सुरुवात केली होती. गणेश मंडळ, महिला मंडळ, सोसायटीची वार्षिक सभा, जिथे बोलावतील तिथे आणि काही ठिकाणी न बोलावताही. पर्समध्ये थर्मामीटर असायचं. आमचे हे मागच्या खुर्चीवर बसून मी 'शाश्वत' हा शब्द किती वेळा वापरला ते मोजायचे. एका व्याख्यानात अकरा वेळा भरला, आणि शेवटी वाटायचे बटाटेवडे गार झाले. घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "त्यातला एक तरी बटाटेवड्याच्या आधी संपवता आला नसता का?"

त्याच व्याख्यानाला रशीदभाई आले होते. भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावात त्यांची लूमची शेड. वडिलांनी घातलेली, चोवीस लूम, सुती कापड. सगळं ऐकून झाल्यावर ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "आपा, हे सगळं पत्र्याच्या शेडला चालेल का? मला फक्त एवढंच विचारायचंय."

त्यांची अडचण साधी आणि वाईट होती. शेडवर सिमेंटचे पत्रे. मार्च उजाडला की ते तापायला लागतात आणि एप्रिलमध्ये आत उभं राहवत नाही. कारीगर एकेक करून गावी निघून जातात, ते पाऊस सुरू झाल्यावर परत येतात, आणि दर वर्षी चार-पाच जण परत येतच नाहीत. गेल्या उन्हाळ्यात चोवीसपैकी नऊच लूम चालले होते. शेजारच्या दोन शेड गोडाऊनवाल्यांनी घेतल्या होत्या. आता त्यांचा एजंट सदूशेठ रशीदभाईंच्या मागे लागला होता, आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चांगला, त्या दिवशी कागद करून टाकू, म्हणत होता. रशीदभाईंनी त्याला हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायलाही त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

मी म्हटलं, मला अक्षय्य तृतीयेपर्यंत वेळ द्या.

बासष्ट वर्षांची होते मी तेव्हा. आताच्या माझ्या मानाने अगदीच पोर. रशीदभाईंनी सदूशेठला माझ्यासमोर फोन लावला आणि अट घातली. तृतीयेला दुपारी दोनला या. लूम चालू दिसले तर आल्या पावली परत जायचं. शेड बंद दिसली तर कागद काढा, मी सही करतो. तिकडून सदूशेठ जोरात हसला. "चालंल की," तो म्हणाला, "बाय करतेय काय ता मी पन बघतो."

शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले ते टेप, वही आणि थर्मामीटर घेऊन, पाऊण तासासाठी. कान बधिर झाले, चष्म्यावर रुईचा थर बसला, पण मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं. दोन्ही लांब भिंतींना मिळून एकही धड खिडकी नाही. वर चार झरोके, त्यांनाही पुठ्ठे ठोकलेले. माझ्यातला व्याख्याता जागा झाला. हवा खेळायला नको? मी मुकादमाला विचारलं, की हे पुठ्ठे का? तो काहीतरी बोलला, लूमच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि मी परत विचारलं नाही. हे वाक्य लिहिताना मला अजून लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. मी परत विचारलं नाही.

काम झटपट झालं. आधी पत्र्यांना बाहेरून पांढरा चुना दिला. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं, पत्रा कमी तापतो, याच्यात जादू काही नाही. चुना भिजवायला मी बारकीबाईला बोलावलं. शेलारच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. वीस वर्षं तिने माझ्या साइटवर काम केलं होतं, आणि चुन्यातलं तिला जे कळतं ते मला पुस्तकात सापडलेलं नाही. चुना आठ दिवस भिजत ठेवून तिने तो गाळला, त्यात गोंद घातला, आणि दोन हात दिल्यावर शेड अशी लखलखायला लागली की समोरचा चहावाला टपरीचं तोंड फिरवायचं म्हणायला लागला. आत थर्मामीटर चार अंशांनी खाली आलं. रशीदभाईंनी मला मिठाई खिलवली.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण नकाशात खिडक्या होत्या. पूर्वेला सात, पश्चिमेला सात, समोरासमोर. भिंती फोडल्या, जाळ्या बसवल्या, झरोक्यांचे पुठ्ठे मी स्वतः उचकटले. सकाळी शिफ्ट सुरू झाली तेव्हा शेडमधून वारा असा आरपार गेला की मी दारात उभी राहून डोळे मिटून घेतले. 'क्रॉस व्हेंटिलेशन' हा शब्द मी त्या दिवशी इतक्या जणांना म्हणून दाखवला की आमच्या ह्यांनी मोजायचंच सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी रशीदभाईंचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर. मी गेले तर वरचे झरोके आणि चौदाच्या चौदा खिडक्या पुठ्ठ्यांनी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांनी, एक तर कुणाच्या तरी लुंगीने बंद केलेल्या. चोवीसपैकी सहा लूम चालू. बाकीच्यांवर कारीगर ओणवे होऊन तुटलेले धागे जोडत बसलेले. त्यांच्यात सगळ्यात जुने हनीफचाचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी सगळे चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्यांनी मान वर केली नाही. एक धागा जोडला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, "म्याडमजी, आदमी को हवा चाहिए. सूत को नमी चाहिए. आपने सूत से पूछा नहीं."

भिवंडीतलं शेंबडं पोरही हे जाणतं, फक्त पस्तीस वर्षं भिवंडीत शेडचे नकाशे काढणारी बाई जाणत नव्हती. सुती धागा कोरडा पडला की कडक होतो आणि ताण बसला की तुटतो. एक धागा तुटला की अख्खा लूम थांबतो. म्हणून कारीगर उन्हाळ्यात खिडक्या बंद करतात, जमिनीवर पाणी मारतात आणि स्वतः शिजतात. मार्चमधला पूर्वेचा कोरडा वारा मी मोठ्या हौसेने आत बोलावून त्या चोवीस लूमवर सोडला होता. पुठ्ठे का, हे मुकादमाने मला तेव्हाच सांगितलं होतं.

कारीगरांचा राग साहजिक होता. दोघांनी तर गावी जायची तिकिटंही काढली. रशीदभाई एवढंच म्हणाले, "आपा, तुमची नीयत चांगली होती." एवढं लागलं मला ते, शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

घरी येऊन मी दोन दिवस सगळ्यांवर खेकसले. मुकादमाने मोठ्याने बोलायला हवं होतं, रशीदभाईंनी आधी सांगायला हवं होतं, वाऱ्याने दुसऱ्या दिशेने यायला हवं होतं. माझी नात हा मजकूर वाचून म्हणते, आजी, तू लेखात स्वतःलाच फार बोलतेस. मी म्हटलं, अगं, दुसऱ्या कुणाला बोलले तर तो घरी येईल भांडायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शेडमध्ये गेले, हनीफचाचांच्या लूमशेजारी एक खोकं पालथं घातलं आणि शिफ्ट संपेपर्यंत बसले. वही नाही, टेप नाही. कानात कापूस तेवढा घातला. बारा तास. आयुष्यात शेकडो शेड मी आखल्या, एकीतही पूर्ण शिफ्ट बसले नव्हते. घरात राहणाऱ्याला आपण विचारतो, देवघर कुठे हवं, ओटा किती उंच हवा. शेडमध्ये बारा तास काढणाऱ्याला मी कधी काही विचारलं नव्हतं, कारण नकाशाचे पैसे तो देत नव्हता.

बसल्यावर दिसायला लागलं. गरम हवा वर पत्र्याखाली साठते, तिला बाहेर जायला वाट नाही. चाचा दर थोड्या वेळाने बोटांच्या चिमटीत धागा धरतात आणि सोडतात. मी विचारलं, काय बघता? ते म्हणाले, "बोलता है ना." दुपारी एकच्या सुमारास धागा काय बोलतो ते मलाही थोडं कळायला लागलं. अकराला तो मऊ होता, एकला केसासारखा ताठ.

संध्याकाळी बारकीबाई आली, मी जिवंत आहे का बघायला. खिडक्यांपाशी उभी राहून तिने आतबाहेर पाहिलं. आधी तिच्या घराबद्दल सांगायला हवं. तिचं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्यांची भिंत, वरून मातीने लिंपलेली. तरुणपणी मी तिला दर वर्षी सांगायचे, बारके, हे मोड आणि विटांचं बांध. ती दर वर्षी हो ताय म्हणायची आणि दर वर्षी कूड नव्याने लिंपायची. तिच्या घरी मे महिन्यात मला झोप लागते, माझ्या स्लॅबखाली लागत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

ती म्हणाली, "ताय, वारा येऊ दे की. पन कोरडा कशाला? भिजवून येऊ दे."

कारवीच्या काठ्यांच्या चौकटी करायच्या, त्यांवर गोणपाट शिवायचं, ती खिडकीत बसवायची आणि वरून पाणी पाझरत ठेवायचं. वारा ओल्या गोणपाटातून गाळून आत येणार, म्हणजे थंडही आणि दमटही. माणसाचं भागतं, सुताचंही भागतं. आणि गरम हवा जायला वर आढ्यापाशी वाट करायची. मला हे सुचलं नाही याचं दुःख मी बाजूला ठेवलं आणि विचारलं, पाणी? शेडला पिण्याचं पाणी टँकरने यायचं. ते खिडक्यांना पाजलं असतं तर कारीगरांनी मला खिडकीत बसवून भिजवलं असतं.

शेडच्या मागे विहीर होती. रशीदभाईंच्या वडिलांनी खोदलेली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत चिंध्या, मोडके धोटे, पुठ्ठ्याच्या कांड्या आणि एक सायकल टाकून बुजवत आणलेली. सदूशेठच्या माणसांनी तिच्यावर खडूने फुलीही मारून ठेवली होती, कारण गोडाऊनच्या ट्रकना वळायला तिथे जागा हवी होती. विहीर उपसायला अकरा दिवस गेले. मी काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि सगळ्यांना सूचना द्यायचे. चौथ्या दिवशी बारकीबाईने माझी खुर्ची उचलून सावलीत नेली, म्हणजे सूचना ऐकू येणार नाहीत इतक्या लांब. पाणी लागलं, पिण्याजोगं नव्हतं, गोणपाटाला चालण्याजोगं होतं. सकाळी एकदा पंपाने टाकी भरायची, पुढे पाणी आपोआप पाइपमधून खिडक्यांवर उतरतं आणि खालच्या पन्हळीतून परत विहिरीत जातं.

तिकिटं काढलेले दोघं चौकटी शिवायला बसले, गावी जायच्या आधी दोन दिवस मदत म्हणून. ते गेलेच नाहीत. पण त्याचं श्रेय गोणपाटाला नाही. एकाच्या गावचं लग्न पुढे गेलं होतं.

चौकटी बसल्या, आढ्यापाशी गरम हवेला वाट झाली, आणि पाणी सोडलं त्या दिवशी मी खूश होऊन नळ पूर्ण उघडला. दुपारपर्यंत शेड ओलसर, सूत लिबलिबीत, आणि चाचांच्या कपाळावर आठ्या. मग त्यांनी ठरवलं. चिमटीत धागा धरायचा, आणि त्याच्याप्रमाणे नळ कमी-जास्त करायचा. मी थर्मामीटर पुढे केलं तर त्यांनी ते मानाने घेतलं आणि मानाने परत दिलं. त्या दिवसापासून नळाला हात लावायचा अधिकार फक्त त्यांचा. ही माझ्या पस्तीस वर्षांच्या कामातली सगळ्यात चांगली यंत्रणा, आणि तिच्यात माझं फक्त टेपने घेतलेलं माप आहे.

तृतीयेच्या आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. ही कथा ऐकून शेलारमध्ये सगळ्यांनी खिडक्या पाडल्या असं झालं नाही. आजवर तीन शेड झाल्या. चौथीवाल्याने चौकटी बसवल्या आणि पाणी सोडायचा कंटाळा केला. कशेळीकडे ज्या शेड मी तरुणपणी आखल्या त्यांतल्या बऱ्याच आता नाहीत, गोडाऊन आहेत. त्या बंद पडण्यात बाजाराचा हात मोठा होता, पण त्या तव्यासारख्या तापायच्या याला मीही जबाबदार होते. तेव्हा मालकाने पत्रे म्हटलं की मी पत्रे काढायचे. एवढं तरी म्हणायला हवं होतं, की शेठ, खाली माणसं उभी राहणार आहेत.

तर तृतीयेचा दिवस. दुपारी पावणेदोनला सदूशेठ आला. पांढरा सदरा, काखेत बॅग, सोबत कागद लिहिणारा. रशीदभाईंनी खुर्च्या दारातच टाकल्या होत्या. आत एकवीस लूम चालू होते. मी मोजत होते, रशीदभाई मोजत होते, आणि सदूशेठही मोजत असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. त्याने चहा घेतला. दोनला दहा मिनिटं होती.

आणि लाइट गेली.

शेड अशी गप्प झाली की पन्हळीतून विहिरीत पडणारं पाणी ऐकू आलं. ज्यांनी लूमचा गाव पाहिला नाही त्यांना सांगते, लाइट जाणं ही कारीगरांची सुट्टी. उन्हाळ्यात लाइट गेली की पंखे बंद होतात, आणि मग क्षणभरही कुणी पत्र्याखाली थांबत नाही. सगळे धावत बाहेर येतात, ओट्यावर, टपरीवर, भिंतीच्या चार बोटं सावलीत. शेलारच्या कुठल्याही गल्लीत हे दिसतं. आताही दोन्ही बाजूंच्या शेडमधून लोक बनियनवर बाहेर पडत होते.

सदूशेठने घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी. मग त्याने बॅग मांडीवर घेतली. "रशीदभाई, अट तुमचीच हाय," तो म्हणाला, "लूम चालू न्हाय. मी काय येक तरी चालू बघत न्हाय." बोलण्यात खोच होती, पण चूक नव्हती. मी काहीतरी नियम, लाइट, अन्याय असं बोलायला तोंड उघडलं, आणि रशीदभाईंनी हात वर करून मला थांबवलं.

ते दाराकडे बघत होते. आमच्या शेडच्या दारातून कुणीच बाहेर येत नव्हतं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. रशीदभाई उठले, आत गेले, आम्ही त्यांच्या मागोमाग. अर्धवट अंधार होता, खिडक्यांतून गोणपाटाचा तपकिरी उजेड येत होता. कारीगर आपापल्या लूमपाशी बसलेले होते. एक जण डबा उघडून जेवत होता. दोघं पत्ते काढत होते. मुकादम भिंतीला पाठ लावून मोबाइल बघत होता. आणि हनीफचाचा लूमखालच्या मोकळ्या जागेत, डोक्याखाली हात घेऊन, तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते. एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, बिनपंख्याच्या शेडमध्ये.

सदूशेठला काय चाललंय ते कळलं नसावं. तो नेहमीच्या दणदणीत आवाजात म्हणाला, "मंग काढू ना कागद?"

रशीदभाई चाचांकडे बघत राहिले. मग ओठांवर बोट ठेवून त्यांनी त्याला आल्या पावली दाराकडे वळवलं.

"हळू बोला शेठ," ते म्हणाले, "कारीगर झोपलाय."